कुंपणालगत निशिगंध लावावा की कर्दळ?

उन्हाळ्यात फुलणारं, कमरेच्या वर जाणारं आणि दरवर्षी नव्याने लावायला न लागणारं काहीतरी कुंपणालगत हवं असेल, तर कोल्हापुरात गाडी बहुतेक या दोघांवरच येऊन थांबते. माझ्याकडे दोन्ही आहेत: वाफ्यात कर्दळ आणि दाराशी कुंडीत निशिगंध. यावरून काय ते समजा.

वासात तुलनाच नाही. एकेरी निशिगंध संध्याकाळी घमघमतो. दुहेरी दिसतो भरगच्च, पण वास कमी आणि शेंड्याकडच्या कळ्या पुष्कळदा न उमलताच सुकतात. कर्दळीला वासच नाही.

माझं मन फिरवलं ते वळवाने. मे महिन्यात दुपारी ढग भरून येतात, सोसाट्याचा वारा सुटतो, कधी गाराही पडतात. नेमका तेव्हाच निशिगंधाचा दांडा तीन फुटांवर गेलेला असतो आणि सगळं ओझं शेंड्याला. पाऊस उघडल्यावर बघावं, तर अख्खी रांग लोळलेल्या उसासारखी आडवी आणि पांढऱ्या पाकळ्यांवर काळ्या मातीचे शिंतोडे. प्रत्येक दांड्याला काठी-सुतळी करता येते, मी केलीही. पण मग वाफ्यात फुलांआधी काठ्याच दिसतात, आणि सुतळी जास्त आवळली की दांडा तिथेच मोडतो. हौशी माणसाला जमत असेल, नाही म्हणत नाही.

कर्दळीचे दांडे जाड आणि दाटीने उभे. वाऱ्याने पानं फाटतात, झाड सहसा पडत नाही. साचल्या पाण्यात निशिगंधाचे कंद कुजतात. ही तर मोरीच्या पाण्यावर वाढलेली. अर्थात उन्हाळ्यात पाणी खाते, कमी पडलं की पानांच्या कडा करपतात. पावसाळ्यात अळी पानाची सुरळी करून आत बसते. सुरळी दिसली की बोटांनी चिरडायची. फुलून संपलेला दांडा बुडातून कापत राहा, नाहीतर वाळकी फुलं चिंध्यांसारखी लोंबतात.

'दुभाजकावरचं झाड घरी कशाला?' असं काहीजण नाक मुरडतात. दुभाजकावर तगतं, हीच तर त्याची शिफारस!

तुमचं अंगण चहूबाजूंनी इमारतींनी अडलेलं असेल, पण ऊन येत असेल, तर एकेरी निशिगंध खुशाल लावा. उघड्यावर मात्र मी कर्दळच सुचवेन. कंद विकत घेऊ नका. पावसाच्या तोंडावर, ज्यांची माजलीय त्यांच्याकडे मागा, आनंदाने देतात. रंग तेवढा आधी फुलावर बघून ठेवा.