जावात तारीख-वेळ: जुना डेट, जोडा-टाइम की जावा डॉट टाइम?

नवा प्रकल्प असेल तर लायब्ररी निवडण्यात वेळ घालवू नका. जावा ८ पासून या प्रोग्रामिंग भाषेतच आलेलं 'जावा डॉट टाइम' हे पॅकेज घ्या आणि पुढे चला. डोकं खाजवायची पाळी येते ती दोघांवर. काहींच्या हाती दहा-पंधरा वर्षांचा कोड असतो आणि तो बदलायचा की चालू ठेवायचा हे ठरवायचं असतं. काहींनी नवं पॅकेज घेतलेलं असतं, पण त्यातला कुठला प्रकार कुठे लावायचा यावर एकमत नसतं. जास्त बग या दुसऱ्या गटात सापडतात, म्हणून त्याबद्दल इथे जास्त लिहिलं आहे.

तीन पिढ्या समोरासमोर

'जावा डॉट युटिल'मधला डेट १९९६ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. आत फक्त एक आकडा असतो: १ जानेवारी १९७० च्या यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले. म्हणजे नाव तारखेचं असलं तरी आत क्षण साठवलेला आहे. वर्ष १९०० पासून मोजायचं, महिना शून्यापासून आणि दिवस मात्र एकपासून. त्यामुळे २०२५, ८, १५ असे आकडे दिले की १५ सप्टेंबर ३९२५ मिळतो. पुढच्याच आवृत्तीत आलेल्या कॅलेंडरने वर्षाचा घोळ मिटवला, महिन्याचा तसाच ठेवला.

जोडा-टाइम हा स्टीफन कोलबर्न यांचा प्रकल्प २००२ मध्ये सुरू झाला आणि बरीच वर्षं जावा मंडळींचा खरा आधार तोच होता. मार्च २०१४ मध्ये जावा ८ सोबत 'जावा डॉट टाइम' आलं. त्याच्या आखणीतही कोलबर्न होते, पण जोडातल्या काही गोष्टी त्यांनी जाणूनबुजून बदलल्या. जोडा-टाइम आता फक्त देखभालीवर आहे आणि जावा ८ किंवा पुढचं वापरणाऱ्यांनी नव्याकडे वळावं, असं तो प्रकल्प स्वतःच सांगतो.

| बाब | डेट / कॅलेंडर | जोडा-टाइम | जावा डॉट टाइम |
|---|---|---|---|
| महिन्याचे आकडे | ० ते ११ | १ ते १२ | १ ते १२ |
| ऑब्जेक्ट नंतर बदलता येतो? | हो | मुख्य प्रकारांत नाही | नाही |
| सूक्ष्मता | मिलिसेकंद | मिलिसेकंद | नॅनोसेकंद |
| टाइमझोनचं नाव चुकलं तर | गुपचूप जीएमटी (ग्रीनिच वेळ) | एक्सेप्शन (त्रुटी) | एक्सेप्शन |
| '३१ फेब्रुवारी २०२५' वाचताना | ३ मार्च | एक्सेप्शन | फॉरमॅटरवर अवलंबून |
| उन्हाळी वेळेमुळे (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे) गाळलेला तास | पुढे सरकवतो | एक्सेप्शन | पुढे सरकवतो |

टाइमझोनची ओळ भारतीय संघांना सगळ्यात महागात पडते. कॉन्फिगरेशनमध्ये 'एशिया/कोलकाता'च्या स्पेलिंगमधलं एक अक्षर चुकलं तर जुना टाइमझोन वर्ग काही न बोलता जीएमटी देतो आणि सगळ्या वेळा साडेपाच तास मागे जातात. नवा झोनआयडी तिथल्या तिथे एक्सेप्शन फेकतो. 'आयएसटी' हे तीन अक्षरी नाव जुन्या वर्गात भारतीय वेळ समजलं जातं, पण इस्रायल आणि आयर्लंडही तीच अक्षरं वापरतात. म्हणून नव्यात ते थेट चालत नाही. नेहमी पूर्ण नाव लिहा.

३१ फेब्रुवारीचं उत्तर नव्या पॅकेजमध्येही एकच नाही, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लोकलडेटला (फक्त तारीख ठेवणारा प्रकार) आयएसओ रूपातला, म्हणजे वर्ष-महिना-दिवस असा मजकूर थेट दिला तर एक्सेप्शन येतं. तुम्ही स्वतः पॅटर्न देऊन फॉरमॅटर (मजकुरातून तारीख वाचणारा आणि छापणारा) बनवला असेल तर तो 'स्मार्ट' पद्धतीने चालतो आणि निमूटपणे २८ फेब्रुवारी हातात ठेवतो. फॉर्ममधून आलेली तारीख तपासायची असेल तर फॉरमॅटरला 'स्ट्रिक्ट' करा. त्यावेळी पॅटर्नमध्ये वर्षासाठी लहान 'वाय'ऐवजी लहान 'यू' चार वेळा लिहा. स्ट्रिक्टमध्ये 'वाय'ला इसवी सन की इसवी सनापूर्वी हेही लागतं, आणि ते नसलं की अगदी बरोबर तारीखही नाकारली जाते.

जुना कोड: काय आधी बदलायचं, काय राहू द्यायचं

सगळा कोड एकदम बदलायची गरज नसते. पहिला हात जुन्या फॉरमॅटरवर, म्हणजे सिम्पलडेटफॉरमॅटवर टाका, तोही 'स्टॅटिक' करून सगळ्यांत वाटलेला असेल तिथे. वाचताना आणि लिहिताना तो आतलं एक कॅलेंडर बदलत असतो. दोन थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारी कामं) एकाच वेळी आले की एकाची तारीख दुसऱ्याच्या उत्तरात जाते. कधी एक्सेप्शन येतं, कधी नुसतीच चुकीची तारीख येते. लोड कमी असताना हे दिसत नाही, त्यामुळे चाचणीत सहसा पकडलं जात नाही. नवा डेटटाइमफॉरमॅटर कितीही थ्रेडमध्ये वाटा, तो बदलत नाही.

दुसरा क्रमांक तारखांच्या आकडेमोडीचा. दोन डेटमधला फरक काढून ८,६४,००,००० ने (एका दिवसाचे मिलिसेकंद) भागायचा, हा जुना शिरस्ता आहे. भारतात उन्हाळी वेळ नाही, म्हणून तो इथे बरोबर चालतो. तोच कोड न्यूयॉर्कच्या वेळेवर चालवा: ८ मार्च २०२५ ची मध्यरात्र ते १० मार्चची मध्यरात्र यात ४७ तासच आहेत, आणि पूर्णांक भागाकार 'एक दिवस' सांगतो.

जिथे डेट एका लायब्ररीकडून घेऊन दुसरीला नुसता द्यायचा आहे, तिथे तो राहू द्या. सीमेवर रूपांतर करा: डेटवरून इन्स्टंटकडे (नव्या पॅकेजमधला क्षण ठेवणारा प्रकार) 'टूइन्स्टंट', उलट दिशेने 'फ्रॉम'. एक खड्डा सांभाळा. 'जावा डॉट एसक्यूएल'मधला डेट वारशाने जुना डेटच आहे, पण त्यावर 'टूइन्स्टंट' बोलावलं की एक्सेप्शन येतं. तिथे 'टूलोकलडेट' वापरायचं.

जोडावरून येणाऱ्यांना वाटतं की नावं सारखी आहेत, म्हणजे फक्त इम्पोर्ट बदलायचे. जोडामध्ये 'नल' म्हणजे 'आत्ता', नव्यात 'नल' म्हणजे एक्सेप्शन. जिथे रिकामी तारीख आजपर्यंत चुपचाप आजची तारीख बनत होती, तिथे बदलानंतर प्रोग्राम कोसळेल. हे चांगलंच आहे, फक्त ते शुक्रवारी संध्याकाळी कळायला नको. जोडातला 'इंटरव्हल' मूळ पॅकेजमध्ये नाही. हवा असेल तर थ्रीटेन-एक्स्ट्रा ही वेगळी लायब्ररी जोडावी लागते.

अँड्रॉइडवर हे पॅकेज ८.० पासून मिळतं. त्याआधीच्या फोनसाठी बिल्डमध्ये 'डीशुगरिंग' (नव्या सोयी जुन्या फोनवर चालवणारं रूपांतर) चालू करा.

आता खरा निर्णय: कशाला कुठला प्रकार

जन्मतारीख, सुट्टी, बिलाची देय तारीख: लोकलडेट, आणि डेटाबेसमध्ये 'डेट' कॉलम. यात वेळ किंवा टाइमझोन घुसू देऊ नका. घुसला तर काय होतं ते पाहा. जुन्या डेटमध्ये १५ ऑगस्टची भारतीय मध्यरात्र ठेवली आणि जॅक्सन या लायब्ररीने फक्त वर्ष-महिना-दिवस असा पॅटर्न लावून जेसन (डेटा पाठवायचा मजकूर) बनवला, तर बाहेर १४ ऑगस्ट येतो. जॅक्सनचा ठरलेला झोन यूटीसी आहे आणि त्या क्षणी तिथे १४ तारखेचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. यावर उपाय म्हणून झोन '+०५:३०' टाकला जातो आणि तो जवळपास नेहमी चालतो. ज्येष्ठ नागरिकांच्या नोंदींत मात्र पुन्हा घोटाळा होतो. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, भारतातली घड्याळं एक तास पुढे होती आणि 'एशिया/कोलकाता'च्या नियमांत ते नोंदलेलं आहे. १९४३ मधली मध्यरात्र कोलकात्याच्या नियमाने साठवून पक्क्या साडेपाचने वाचली, की रात्रीचे अकरा वाजतात आणि तारीख आदल्या दिवसाची होते. लोकलडेट घेतला तर यातलं काहीच उद्भवत नाही.

घडून गेलेली गोष्ट, म्हणजे पैसे कधी जमा झाले, लॉगइन कधी झालं: इन्स्टंट. वापरणाऱ्याला दाखवताना शेवटच्या टप्प्यावर त्याचा झोन लावा. जेडीबीसी (जावा आणि डेटाबेस यांना जोडणारा दुवा) ४.२ च्या यादीत इन्स्टंट नाही, ऑफसेटडेटटाइम (यूटीसीपासूनच्या फरकासह तारीख-वेळ) आहे. हायबरनेट ही डेटाबेस लायब्ररी हे रूपांतर स्वतः करते, साधं जेडीबीसी लिहीत असाल तर तुम्हालाच करावं लागेल. पोस्टग्रेस या डेटाबेसमधला 'टाइमझोनसह' कॉलम नावाप्रमाणे झोन साठवत नाही. तो क्षण यूटीसीमध्ये ठेवतो आणि मूळ झोन विसरतो.

पुढे घडायची गोष्ट वेगळी. पुण्यातल्या संघाची न्यूयॉर्कच्या ग्राहकाशी तिथल्या सकाळी ९ ची ठरलेली बैठक भारतात उन्हाळ्यात संध्याकाळी ६:३० ला येते आणि हिवाळ्यात ७:३० ला. ती इन्स्टंटमध्ये ठेवली आणि मधे सरकारने नियम बदलला, तर साठवलेला क्षण चुकीचा ठरतो. मेक्सिकोने २०२२ मध्ये उन्हाळी वेळ बहुतांश भागात बंद केली, तेव्हा आधीच नोंदवलेल्या वेळांबाबत हेच घडू शकत होतं. म्हणून लोकलडेटटाइम (झोन नसलेली तारीख-वेळ) एका कॉलममध्ये आणि 'अमेरिका/न्यूयॉर्क' दुसऱ्या कॉलममध्ये ठेवा. झोन्डडेटटाइम (झोनसह तारीख-वेळ) हिशेबाच्या वेळी बनवा.

लोकलडेटटाइमची चांगली जागा म्हणाल तर एवढीच. तरीही सगळ्यात जास्त गैरवापर त्याचाच होतो, कारण नावात तारीख आणि वेळ दोन्ही दिसतात आणि माणसाला ते पुरेसं वाटतं. 'नोंद कधी झाली' या कॉलमला तो लावला, की एक सर्व्हर मुंबईच्या वेळेवर आणि दुसरा यूटीसीवर असताना नोंदींचा क्रमच उलटासुलटा होतो. नंतर दुरुस्तही करता येत नाही, कारण कुठली ओळ कुठल्या सर्व्हरने लिहिली हे त्या आकड्यात नसतं. कोड तपासताना लोकलडेटटाइमवर 'नाउ' दिसलं तर थांबून विचारा.

लोकलडेटवरचं 'नाउ'ही निरुपद्रवी नाही. डॉकरचे कंटेनर (प्रोग्राम चालवायचे बंदिस्त डबे) बहुधा यूटीसीवर असतात. रात्री साडेबाराला चालणाऱ्या कामाने 'आजची' तारीख मागितली तर पहाटे साडेपाचपर्यंत त्याला कालचीच मिळते. झोन स्पष्ट द्या. त्याहून बरं म्हणजे क्लॉक (वेळ सांगणारा ऑब्जेक्ट) बाहेरून द्या: चाचणीत 'क्लॉक डॉट फिक्स्ड'ने २९ फेब्रुवारी किंवा ३१ डिसेंबर हवा तेव्हा आणता येतो.

दिवसाच्या शेवटासाठी २३:५९:५९ आणि पुढे नऊ वेळा नऊ असा 'लोकलटाइम मॅक्स' लावायची सवय सोडा. मायएसक्यूएल या डेटाबेसचा साधा 'डेटटाइम' कॉलम सेकंदाचे अपूर्णांक ठेवत नाही आणि मूल्य पूर्ण सेकंदाला नेऊन वर चढवतो. त्यामुळे आजचा शेवट उद्याची मध्यरात्र बनतो आणि उद्याची पहिली नोंद आजच्या अहवालात येते. 'आजच्या सुरुवातीपासून, उद्याच्या सुरुवातीच्या आधी' अशी अट लिहा.

महिने मोजताना आणि छापताना

३१ जानेवारी २०२४ मध्ये एक महिना मिळवला की २९ फेब्रुवारी येतो, बरोबर. त्यात आणखी एक मिळवला तर २९ मार्च येतो. पण मूळ तारखेत थेट दोन मिळवले तर ३१ मार्च. कर्जाच्या हप्त्यांचं वेळापत्रक मागच्या हप्त्यावरून पुढे नेलं तर ३१ तारीख फेब्रुवारीत एकदा हरवते ती परत येत नाही. हप्ता क्रमांक घेऊन प्रत्येक वेळी पहिल्या तारखेपासून मोजा.

१ जानेवारी ते १५ मार्च २०२५ चा पीरियड (वर्ष-महिने-दिवसांतला फरक) काढून 'गेटडेज' विचारलं तर १४ मिळतात, कारण उरलेले दोन महिने वेगळ्या खात्यात असतात. व्याजासाठी एकूण दिवस हवेत तर क्रोनोयुनिटच्या 'डेज'चं 'बिटवीन' वापरा. तिथे ७३ येतात.

पॅटर्नमध्ये कॅपिटल 'वाय' म्हणजे आठवड्यावर आधारलेलं वर्ष. अमेरिकी लोकेलमध्ये (भाषा-देशाचे संकेत) २९ डिसेंबर २०२४ हा त्याने २९ डिसेंबर २०२५ म्हणून छापला जातो. वर्षभर बरोबर चालणारा आणि शेवटच्या आठवड्यात बिघडणारा अहवाल दिसला तर आधी हे अक्षर तपासा.

जावाची आवृत्ती वाढवताना छापलेला मजकूरही बदलतो. जावा २० पासून अमेरिकी इंग्रजीत एएम-पीएमच्या आधी साध्या रिकाम्या जागेऐवजी अरुंद, न तुटणारी जागा येते. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण मजकूर जुळवून पाहणाऱ्या चाचण्या पडतात. यंत्राने वाचायच्या मजकुरासाठी लोकेलवर चालणारी शैली वापरूच नका, आयएसओ रूप पाठवा. माणसांसाठी मराठीत छापताना मराठी लोकेल दिला की 'जानेवारी' मिळतं, पण आकडे इंग्रजीच (1, 2, 3) राहतात. त्यासाठी फॉरमॅटरला वेगळी डेसिमलस्टाइल जोडून तिचा शून्य अंक '०' ठरवावा लागतो.