घराजवळ काय हवं: रस्त्यावरचा लाइट रेलचा थांबा की पुलावरचं मेट्रो स्टेशन?

उपनगरात घर शोधताना एका जाहिरातीत ‘लाइट रेल दोन मिनिटांवर’ असतं (लाइट रेल म्हणजे जमिनीवरच्या रुळांवरून धावणारी ट्रामसारखी गाडी), दुसरीत ‘मेट्रो दोन मिनिटांवर’. मेट्रो या शब्दाला वजन आहे, त्यामुळे मन तिकडे झुकतं. पण ही दोन मिनिटं फक्त जिन्याच्या पायथ्यापर्यंतची असतात.

पुलावरचा फलाट रस्त्यापासून १२ मीटर उंच धरला, तर सत्तरेक पायऱ्या होतात. नाहीतर सरकता जिना किंवा लिफ्टची वाट बघा. वर तिकिटाचं फाटक असतंच. चढायला चार आणि उतरायला तीन, अशी सात मिनिटं यातच जातात. लाइट रेलचा थांबा म्हणजे ३०-३५ सेंटीमीटर उंच ओटा, टोकाला चार मीटरभर लांबीचा उतार, डोक्यावर छप्पर आणि कडेला तिकिटाचं यंत्र. बहुतेक ठिकाणी फाटक नसतं, तपासनीस गाडीत येऊन तिकीट बघतात. गाडीचा तळ फलाटाच्या पातळीत असेल, तर बाबागाडी किंवा व्हीलचेअर सरळ आत जाते. गुडघे कुरकुरणारं माणूस घरात असेल, तर माझ्या मते निम्मा निर्णय इथेच झाला.

वेगात मात्र मेट्रो पुढे. रस्त्यावरच्या गाडीला थांबे आणि सिग्नल धरून ताशी १८ किलोमीटर पडतात असं समजू, मेट्रोला ३३. चार किलोमीटरला लाइट रेल तेरा मिनिटं घेते. मेट्रो सात घेते, पण जिन्याची सात मिळवल्यावर चौदा होतात. दहा किलोमीटरला हाच हिशेब तेहेतीस विरुद्ध पंचवीस असा उलटतो. शाळा, बाजार, दवाखाना जवळपास असेल तर थांबा घ्या. नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल तर मुकाट्याने पायऱ्या चढा.

अर्थात सगळे थांबे एका माळेचे मणी नाहीत. रूळ स्वतंत्र पट्ट्यात आहेत की मोटारींच्या गर्दीत, हे आधी बघा. १९८१ साली सुरू झालेली कॅनडातल्या कॅलगरीची लाइट रेल बहुतांशी जमिनीवरूनच धावते, पण उपनगरात स्वतःच्या मार्गावरून ताशी ८० किलोमीटरपर्यंत वेग घेते. मेलबर्नच्या ट्राम बऱ्याच ठिकाणी मोटारींबरोबर रस्ता वाटून घेतात, मग पुढे एखादी मोटार अडली की ट्रामही अडते. दुसऱ्या प्रकारचा थांबा असेल, तर वरचा १८चा आकडा विसरा. सकाळच्या गर्दीत अर्धा तास तिथे उभं राहा. बराच वेळ काही नाही आणि मग तीन गाड्या एकापाठोपाठ, असं दिसलं तर वेळापत्रकात काहीही लिहिलेलं असो, त्यावर विसंबू नका.

आवाजाचं गणित वेगळं. पुलावरून गाडी तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या खिडकीसमोरून जाते, शांतता आणि आडोसा दोन्ही जातात. लाइट रेलच्या सरळ मार्गावर घंटेपलीकडे फारसं काही ऐकू येत नाही. घात होतो तो अरुंद वळणावर: चाकं रुळाच्या वळणाबरोबर पुरती वळत नाहीत, आडवी घसरतात आणि पाटीवर नख ओढल्यासारखी किंचाळतात. पावसात हा आवाज कमी होतो, म्हणून घर कोरड्या दिवशी बघायला जा. वळणावरचं स्वस्त घर मी तरी घेणार नाही.

मुलं असतील तर रूळ ओलांडायची जागा नीट बघा. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी नेहमीचा ब्रेक लावून थांबायला साधारण ८० मीटर घेते. आपत्कालीन ब्रेकने अंतर बरंच घटतं, पण मोटारीसारखी ती बाजूला वळवता येत नाही. चांगल्या थांब्यावर पायवाटेला कठडे लावून मुद्दाम नागमोडी वळण दिलेलं असतं, म्हणजे रुळावर पाय टाकण्याआधी माणसाचं तोंड आपोआप येणाऱ्या गाडीकडे होतं. सायकलवाल्यांनी रूळ काटकोनातच ओलांडावेत. तिरकं गेलं की पुढचं चाक खाचेत अडकतं आणि माणूस आडवा होतो.