अपडेट अडकतंय: फोल्डर रिकामा करू की आहे त्यावरच विंडोज पुन्हा टाकू?

नाशिकला सिडकोत भाचा राहतो, त्याचं विंडोज ११ रिस्टार्ट झालं की अपडेट अर्ध्यातून परत मागे, म्हणून तो विचारतोय काय करू; त्याला माझं उत्तर असं. सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन फोल्डर (डाउनलोड झालेले अपडेट साठतात तो) रिकामा करायला नेट फारसं लागत नाही, काम पटकन होतं, फक्त आधी अपडेट सर्व्हिस बंद कर नाहीतर फाइल 'वापरात आहे' म्हणत हटतच नाही. पण त्यानं बिघडलेलं डाउनलोड तेवढं जातं, सिस्टिम फाइलच खराब असेल तर उपयोग शून्य. आयएसओवरून (विंडोजची पूर्ण इन्स्टॉल फाइल) रिपेअर, म्हणजे आहे त्यावरच विंडोज पुन्हा टाकायचं तर ५ जीबीच्या वर डाउनलोड, वेळखाऊ, चार्जर लावूनच. फोटो, टॅली सगळं जागेवर राहतं, 'फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा' निवडलंय ना ते बघ (बॅकअप तरी घेच). डाउनलोडच अडकणाऱ्यांना फोल्डर पुरे. तुझ्यासारखं रिस्टार्टनंतर मागे फिरत असेल तर सी ड्राइव्हवर जागा मोकळी करून, पेनड्राइव्ह-प्रिंटर काढून आयएसओच.