व्हेनडायग्राम पॅकेज: चित्र एक, लॉग ढीगभर

आर या आकडेमोडीच्या प्रोग्रामिंग भाषेतलं व्हेनडायग्राम पॅकेज गेलं वर्षभर वापरतोय; याद्यांमध्ये सामाईक काय, ते एकमेकांवर चढलेल्या वर्तुळांनी दाखवणारी चित्रं ते काढतं. कसं टाकायचं, याद्या कशा द्यायच्या हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. लिहायला बसलो ते परवा मॅडमनी लॅबच्या शेअर्ड फोल्डरचा स्क्रीनशॉट पाठवून ‘हा कचरा कोणाचा?’ असं विचारलं म्हणून. स्क्रिप्ट माझी होती, कचरा पॅकेजचा.

व्हेन-डॉट-डायग्राम हे फंक्शन चालवलं की ते चालू फोल्डरमध्ये एक लॉग फाइल, म्हणजे काय चालवलं त्याची नोंद, टाकतं. नावात तारीख-वेळ असल्यामुळे जुनी फाइल पुसलीही जात नाही. लेबल जरा डावीकडे सरकवून पुन्हा चालवा, पुन्हा एक. जीन्सच्या याद्यांच्या जोड्यांवर लूप लावलात तर प्रत्येक जोडीमागे एक. बरं, फाइलनेमला नल (म्हणजे ‘काही नाही’) द्यायचं ते कशाला? फाइल नको, चित्राचा ऑब्जेक्ट दे, ग्रिड-ड्रॉ या फंक्शनने माझं मी काढतो, एवढ्यासाठीच ना? तरी लॉग पडतोच! फाइल नको म्हणून सांगितल्यावरही फाइल देणारं हे मी पाहिलेलं एकमेव फंक्शन. आणि त्या लॉगमध्ये असतं काय, तर मीच दिलेले पॅरामीटर. ते माझ्या स्क्रिप्टमध्ये आहेतच की!

सिंक चालू असलेल्या फोल्डरात हे सगळं क्लाउडवर चढतं आणि सगळ्यांच्या मशीनवर उतरतं. शिवाय फाइलचं नाव दिलंत तर चित्र मुळात टिफमध्ये येतं, 3000 बाय 3000 पिक्सेल. जर्नलला ठीक आहे, पण मीटिंगच्या स्लाइडला एवढं कशाला? इमेजटाइपला पीएनजी द्या, सुटाल.

लॉगवर जुना उतारा असा: फ्यूटाइल-लॉगर या पॅकेजमधून व्हेनडायग्रामलॉगरचा थ्रेशोल्ड एररवर नेऊन ठेवायचा, म्हणजे चूक झाली तरच नोंद होते. एक ओळ आहे, पण ती पॅकेजच्या बाहेर शोधावी लागते, राग त्याचा.

हे इथवर लिहून झाल्यावर हेल्प पान पुन्हा उघडलं. नव्या आवृत्तीत डिसेबल-लॉगिंग नावाचा पर्याय आहे. ट्रू केलं आणि फाइल बंद झाली. म्हणून शिव्या थोड्या कमी करतो. थोड्याच, कारण आता तेच पुराण कन्सोलवर छापलं जातं.

चांगलं काय, तेही सांगतो. चार आणि पाच संचांची लंबवर्तुळं सुबक येतात, आकडे आपापल्या खणात बसतात. चार संचांना 16 भाग लागतात (बाहेरचा धरून) आणि चार वर्तुळं कशीही ठेवा, 14 च्या वर भाग पडत नाहीत, त्यामुळे वर्तुळांचा हट्ट धरणाऱ्या गाईडना हे गणित आधी दाखवा. लेबलची जागा अंशांत द्यायची, शून्य म्हणजे घड्याळातले बारा. एकदा हात बसला की मनासारखं चित्र निघतं.

याद्या न देता थेट आकडे देणार असाल तर सावध. तीन संचांच्या फंक्शनमध्ये छेदांचा क्रम 12, 23, 13 असा आहे (12 म्हणजे पहिला आणि दुसरा संच यांचा सामाईक भाग). 12, 13, 23 नव्हे. आणि तिथे 12 चा आकडा म्हणजे पूर्ण छेद, तिघांचा सामाईक भाग धरून. याच्या बरोबर उलट ऑयलर-आर या पॅकेजात: तिथे मुळात सुटे भाग धरले जातात, म्हणजे ‘फक्त या दोघांतच’ असलेले. इनपुटला युनियन असं सांगितलंत तरच पूर्ण छेद. एका पॅकेजचे आकडे दुसऱ्यात जसेच्या तसे टाकलेत तर चित्र देखणं येईल आणि साफ चुकीचं असेल.

ऑयलर-आरकडे मी वळलो ते क्षेत्रफळासाठी. व्हेनडायग्राम दोन संचांची वर्तुळं आकड्यांच्या प्रमाणात काढतं, पण तीन झाले की साधारणपणे सगळी एकसारखी. एका यादीत 2,400 जीन्स, दुसरीत 90, आणि चित्रात दोघं जुळे भाऊ. ऑयलर-आरमध्ये शेपला एलिप्स (लंबवर्तुळ) द्या, तीन संच बहुतेक वेळा नेमके बसतात. पुढे मात्र ते जमेल तेवढंच जुळवतं, आणि एखादा बारीक भाग चित्रातून गायबही होतो. म्हणून आधी फिट प्रिंट करून रेसिड्युअल (प्रत्येक भागातला फरक) आणि स्ट्रेस (एकूण चूक) बघायचे, मग प्लॉट. चूक किती राहिली ते पॅकेज स्वतःच सांगतं, हा प्रामाणिकपणा मला आवडला.

सहा संच कोणी मागितले तर मी सरळ अपसेट प्लॉट (छेदांचे आकडे स्तंभांनी दाखवणारा आलेख) देतो. 2012 साली नेचरमध्ये केळ्याच्या जीनोमच्या पेपरात सहा संचांचं व्हेन आलं होतं, त्यातला एक संच चक्क केळ्याच्या आकाराचा. बघायला मजा येते, त्यातून आकडा वाचून दाखवा म्हणजे झालं.

विज्ञान दिनाच्या पोस्टरला मराठी लेबलं हवी होती. साध्या पीडीएफ डिव्हाइसवर अक्षरांच्या जागी ठिपके आले. कैरो-पीडीएफ वापरा, जोडाक्षरंसुद्धा नीट येतात, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. सगळं फुकट आहे, म्हणून पाचपैकी साडेतीन. लॉगची सवय मुळातच बंद ठेवली असती तर चार दिले असते.