कंपवाताची गोळी, आठ महिने वापरल्यावर: ११० म्हणजे १२५ नव्हे

लेव्होडोपा-कार्बिडोपा ही कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्सची, नेहमीची गोळी; याहून जास्त इथं सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात कंपवाताचा पेशंट आहे त्यांना ते पाठ असतं. आठ महिन्यांनी लिहायला बसलो ते एका पाकिटामुळं. चिठ्ठीवर १२५ लिहिलेलं, सांगलीतल्या एका मेडिकलमध्ये १२५ संपलेलं, आणि काउंटरवरून हातात पडलं ११०. "औषध तेच आहे, पंधराचा फरक." दुसऱ्या दिवसापासून घरच्या पेशंटला मळमळ, तिसऱ्या दिवशी उलटी, आणि सकाळी साडेआठला मोकळा होणारा हात दहा वाजले तरी जड. गोळ्या तितक्याच, वेळा त्याच.

त्या पंधरातच सगळं आहे. पाकिटावरचा आकडा ही बेरीज असते. ११० म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा. १२५ म्हणजे १०० आणि २५. २७५ म्हणजे २५० आणि २५. पहिल्या दोन्हींत मुख्य औषध सारखंच, म्हणून काउंटरवरच्या माणसाला ते "तेच" वाटतं. पण कार्बिडोपा ही भर नाही, पहारेकरी आहे. लेव्होडोपाचं डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन, मेंदूत व्हायला हवं, पण तसं करणारं एन्झाइम आतड्यात आणि रक्तातही आहे. तिथंच डोपामिन तयार झालं तर ते मेंदूत शिरू शकत नाही. उलटीचं केंद्र मात्र मेंदूच्या त्या संरक्षक पडद्याबाहेर आहे, तिथं ते बिनदिक्कत पोचतं. म्हणून मळमळ, उलटी, बीपी उतरणं. हे बाहेरचं एन्झाइम नीट अडवायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं. १२५च्या तीन गोळ्यांत ७५ मिळतं, ११०च्या तीन गोळ्यांत ३०. म्हणजे निम्म्याहूनही कमी. उलटी तर होतेच, शिवाय मेंदूपर्यंत औषधही कमी पोचतं.

ही गोष्ट औषधाच्या इतिहासातच आहे. १९६०च्या दशकात कार्बिडोपा नव्हतं तेव्हा लेव्होडोपा दिवसाला ग्रॅमांत द्यावं लागे आणि पेशंट उलट्यांनी बेजार होत. कार्बिडोपा जोडल्यावर तेवढ्याच असराला सुमारे पाव मात्रा पुरू लागली. साइनेमेट या परदेशी ब्रँडचं नाव लॅटिनमधल्या 'साइन एमेसिस'वरून आलंय, म्हणजे 'उलटीविना'. ज्या घटकावरून गोळीला नाव पडलं, तोच घटक आपल्याकडं काउंटरवर किरकोळ धरला जातो. माझा राग आहे तो यावर.

पुढची चूक याहून महाग पडते. उलटी होते म्हटल्यावर जवळच्या दवाखान्यात बहुतेक वेळा मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन मिळतं. कंपवाताच्या पेशंटला ते नकोच, कारण मेंदूत जिथं डोपामिन बसायचं ती जागाच ते अडवतं. उलटी थांबते आणि अंग आखडतं, मग घरच्यांना वाटतं आजार वाढला. चालतं ते डोमपेरिडोन, कारण ते मेंदूत फारसं शिरत नाही. पण वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी ईसीजी काढून, आणि थोडेच दिवस.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती निदानाशीच जोडलेली आहे. चक्करेवरच्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन या गोळ्या, आणि पित्तावरच्या काही कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलसोबत असलेलं लेव्होसल्पिराइड, ही सगळी औषधं धडधाकट माणसातही हुबेहूब कंपवात उभा करू शकतात. 'पित्ताची गोळी' म्हणून वर्षभर लेव्होसल्पिराइड चालू असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. औषध बंद केल्यावर ओसरायला आठवडे लागतात, कधी काही महिने. म्हणून न्यूरोलॉजिस्टकडं जाताना घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक पुड्यांसकट. ती टेबलावर ओतून मगच पुढचं बोलणं करा.

ओळखायचं कसं, तर हात थरथरतो म्हणजे कंपवात हे समीकरण अर्धवट आहे. निदानाला हालचालींचा मंदपणा लागतोच, आणि जोडीला कंप किंवा ताठरपणा. अंगठा आणि पहिलं बोट दहा वेळा मोठं उघडून मिटायला सांगा. कंपवातात पाचव्या-सहाव्या खेपेपर्यंत मधलं अंतर आकसत जातं, कधी बोट मध्येच अडतं. कंप असला तर तो हात मांडीवर स्वस्थ असताना येतो, सेकंदाला ४ ते ६ वेळा, बहुतेक आधी एकाच बाजूला, आणि चहाचा कप उचलायला हात पुढं केला की बहुधा थांबतो. कप उचलल्यावर चहा सांडत असेल आणि दोन्ही हात कापत असतील तर तो बहुधा वेगळा आजार. त्याला लेव्होडोपा लागू पडत नाही, प्रोप्रानोलॉल पडतं. पेन्शनच्या स्लिपवरची सही दर महिन्याला बारीक होत जाणं, चालताना एकच हात न हलणं, फोडणीचा वास न येणं, झोपेत हातपाय झाडणं, जुनं बद्धकोष्ठ: ही चिन्हं कंपाच्या कित्येक वर्षं आधीपासून असू शकतात आणि "वय झालं" म्हणून सोडून दिली जातात. उलट, पहिल्याच वर्षात पेशंट वारंवार पडत असेल, किंवा कंप नसताना दोन्ही बाजू एकदम ताठल्या असतील, तर दुसऱ्या आजारांची तपासणी आधी. त्यांत ही गोळी फारशी साथ देत नाही.

आता कंट्रोल्ड रिलीजबद्दल, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळीबद्दल. पहिल्या महिन्यात विचारलं असतं तर हीच गोळी सगळ्यात चांगली असं सांगितलं असतं. दिवसातून कमी वेळा घ्यायची, चढउतार कमी. ते मत मी मागं घेतोय. साध्या गोळीतलं जितकं लेव्होडोपा अंगाला लागतं, त्याच्या साधारण ७० टक्केच हिच्यातलं लागतं, आणि चढायला वेळ लागतो. सकाळी अंघोळीआधी पेशंटला जे बळ हवं असतं ते हिच्यानं येत नाही. सहा वाजता अंथरुणातच साधी १२५, पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर, बसवून. कंट्रोल्ड रिलीज फक्त रात्री, म्हणजे कूस वळवता येते. ती कुटायची नाही, चावायची नाही. गिळता येत नाही म्हणून खलबत्त्यात घातली तर रात्रभराचं औषध तासाभरात उतरतं.

गोळीसाठी जेवणाची वेळ महत्त्वाची. गोळी जेवणाआधी ३० मिनिटं, नाहीतर जेवल्यावर एक तासानं. लेव्होडोपा हे अमिनो आम्लच आहे, आतड्यातून आत जायची वाट त्याला प्रोटीनबरोबर वाटून घ्यावी लागते. पिठलं, मटकीची उसळ, अंडी, दूध यांच्याबरोबर घेतलेली गोळी मागं राहते. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीतलं मूठभर दाण्याचं कूट तेच करतं. भाकरी-पालेभाजी, भात चालतो. प्रोटीन तोडायचं नाही, रात्रीकडं सरकवायचं, कारण या आजारात वजन आधीच उतरतं. लोहाची गोळी चालू असेल तर दोघांत दोन तासांचं अंतर. उपवास म्हणून गोळी चुकवायची नाही. अचानक पूर्ण बंद केली तर ताप, टोकाचा ताठरपणा, बेशुद्धी इथपर्यंत जाऊ शकतं.

काटकसरीबद्दल. पैसे वाचवायला २७५ आणून अर्धी करणारे बरेच आहेत. हिशोब करून बघा. अर्ध्या २७५मध्ये लेव्होडोपा १२५ आणि कार्बिडोपा साडेबारा. १२५च्या गोळीत कार्बिडोपा २५. आकडा ओळखीचा दिसला तरी पहारेकरी निम्मा. हे औषध सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, किंमतीवर मर्यादा आहे, तेव्हा काटकसर इथं करू नका. खाजकुहिलीच्या बियांची पूड काष्ठौषधीच्या दुकानात स्वस्त मिळते, आणि त्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं. पण कार्बिडोपा अजिबात नसतं, आणि पुडीपुडीत मात्रा बदलते. गोळीसोबत स्वतःच्या मनानं चालू केली तर डॉक्टरांचा सगळा हिशोब मोडतो. पायरीडॉक्सिननं, म्हणजे बी-६नं, लेव्होडोपाचा असर उतरतो ही भीतीही कार्बिडोपा नव्हतं त्या काळातली. १२५ चालू असताना साध्या बी-कॉम्प्लेक्सनं बिघडत नाही.

लघवी, घाम किंवा लाळ तांबूस-काळपट झाली तर घाबरायचं कारण नाही, कपड्याला डाग तेवढा पडतो. पावसाळ्यात गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका, ओल लागून काळवंडतात. आणि बीपी झोपवून एकदा, उभं केल्यावर एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर आधीपासून चालू असलेली बीपीची गोळी तशीच ठेवायची का, हे विचारा. बाथरूममधलं पडणं पुष्कळदा इथून येतं.

पाकिटावर मी आता स्केचपेननं दोन्ही आकडे वेगळे लिहितो: १०० आणि २५. काउंटरवर ब्रँडचं नाव सांगत नाही, "लेव्होडोपा शंभर, कार्बिडोपा पंचवीस" असं सांगतो आणि रिकामं पाकीट पुढं ठेवतो. डॉक्टरांकडूनही चिठ्ठीवर बेरीज न लिहिता तसंच लिहून घेतलंय. दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढचं आणायचं. सांगलीत नसेल तर मिरज जवळ आहे, दवाखान्यांच्या आसपासच्या मेडिकलमध्ये मिळून जातं. तरीही ११०च मिळालं तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय पहिली गोळी द्यायची नाही.