आवडलेल्या पुस्तकाबद्दल कुठे लिहावं? पाच जागांची तुलना

पुस्तक आवडलं. चार जणांना त्याबद्दल सांगायचंय आणि जमलं तर लेखकाच्या पदरात काही पडावं, अशीही इच्छा आहे. वेळ मात्र मोजका. मग तो ऑनलाईन दुकानातल्या विक्रीच्या पानावर परीक्षण लिहिण्यात घालवावा, गुडरीड्ससारख्या वाचननोंदीच्या ठिकाणी (वाचलेल्या पुस्तकांची यादी आणि मतं ठेवण्याच्या संकेतस्थळावर), सविस्तर लेखात, छोट्या व्हिडिओत, की ग्रंथालयाकडे मागणी नोंदवण्यात? तुम्हाला काय जमतं यापेक्षा पुस्तकाचं वय किती आणि त्याला आधीच किती वाचक मिळालेत, यावर हे उत्तर जास्त ठरतं.

साधं गणित बघा. ९९९ जणांनी दिलेल्या ताऱ्यांची सरासरी ४ आहे आणि तुम्ही ५ तारे दिलेत, तर सरासरी होते ४.००१. आधी फक्त ९ जणांनी तारे दिले असतील, तर तुमच्या त्याच ५ ताऱ्यांनी ती ४.१ वर जाते. गाजलेल्या पुस्तकाला तारे देऊन तुम्ही स्वतःपुरती नोंद ठेवता, आणि ती ठेवावीही. लेखकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

| जागा | लागणारा वेळ | किती टिकतं | कोणत्या पुस्तकाला जास्त उपयोगी |
|---|---|---|---|
| विक्रीचं पान | १५–२० मिनिटं | पुस्तक विक्रीला आहे तोवर | नवं, मोजकीच परीक्षणं असलेलं |
| वाचननोंदीचं ठिकाण | १० मिनिटं | बरीच वर्षं | मालिका, ठरावीक प्रकारचं साहित्य |
| सविस्तर लेख | ३–५ तास | वर्षानुवर्षं, शोधात सापडला तर | जुनं, अनुवादित, वैचारिक, कविता |
| छोटा व्हिडिओ | १–२ तास | बहुधा काही दिवस | कथानकावर चालणारी कादंबरी |
| ग्रंथालयाकडे मागणी | ५ मिनिटं | प्रत टिकेल तोवर | महाग किंवा लहान प्रकाशकाचं |

वेळेचे आकडे पुस्तक वाचून झाल्यानंतरचे आहेत, आणि लेखाच्या बाबतीत ते कमीच धरलेत.

विक्रीचं पान

इथला वाचक पैसे हातात घेऊन उभा असतो. घ्यावं की नको, एवढंच त्याला ठरवायचं असतं. म्हणून १०० ते १५० शब्द पुरतात. पहिल्या वाक्यात पुस्तक कोणासाठी आहे ते सांगावं, पुढच्या दोन-तीन वाक्यांत त्यात नेमकं काय मिळतं ते, आणि एखादी अडचण असेल तर तीही: छपाईचा टाईप बारीक आहे, पहिली पन्नास पानं संथ आहेत, आकृत्या ई-पुस्तकात वाचता येत नाहीत. असा एक खरा दोष सांगितला की बाकीच्या कौतुकावर विश्वास बसतो.

लिहिण्याआधी आवृत्ती तपासावी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीचा ओळखक्रमांक (२००७पासून १३ अंकी, त्याआधीच्या पुस्तकांवर १० अंकी) जुळवून पाहिला नाही, तर संक्षिप्त आवृत्तीचं परीक्षण मूळ पुस्तकाखाली जातं.

परीक्षण दिसेनासं होतं, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. कारणं बहुतेक ठरलेली असतात. अॅमेझॉनवर परीक्षण लिहायला त्या खात्यातून गेल्या १२ महिन्यांत ठरावीक रकमेची खरेदी झालेली असावी लागते. लेखकाचे नातेवाईक आणि जवळचे मित्र यांची परीक्षणं नियमात बसत नाहीत. 'तू माझ्या पुस्तकाला तारे दे, मी तुझ्या देतो' हा लेखकांमधला व्यवहारही बसत नाही. मोबदल्यात लिहिलेल्या परीक्षणांवर २०१६मध्ये अॅमेझॉनने बंदी आणली. पुस्तकांच्या आगाऊ प्रती (प्रकाशनाआधी वाचायला दिलेल्या) तेवढ्या चालतात, पण फुकट प्रत देताना परीक्षणाची अट घालता येत नाही. पुस्तक दुसरीकडून घेतलं असेल तरीही लिहिता येतं, फक्त 'खात्रीची खरेदी' ही खूण त्यावर लागत नाही.

पुस्तक दुमडलेलं आलं म्हणून एक तारा देणारे लोक सगळीकडे भेटतात. पाकिटाची तक्रार विक्रेत्याकडे करावी. लेखकाने ते बांधलेलं नसतं.

वाचननोंदीची ठिकाणं

लायब्ररीथिंग २००५मध्ये सुरू झालं, गुडरीड्स २००७मध्ये (२०१३पासून ते अॅमेझॉनच्या मालकीचं आहे), स्टोरीग्राफ २०१९मध्ये. वाचक सर्वाधिक गुडरीड्सवर, त्यामुळे लेखकाला दिसण्याच्या दृष्टीने तेच पुढे. तिथे अर्धा तारा देता येत नाही. लायब्ररीथिंगवर अर्धा चालतो, स्टोरीग्राफवर पाव ताराही. साडेतीनच्या लायकीची पुस्तकं ज्यांना वारंवार भेटतात (म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच), त्यांना हा फरक जाणवतो.

गुडरीड्सची एक गोष्ट मात्र अनुवाद वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. तिथे एका कृतीच्या सगळ्या आवृत्त्या आणि अनुवाद एकत्र बांधलेले असतात आणि तारेही एकत्रच मोजले जातात. अनुवाद भिकार असेल तर तुमचा एक तारा मूळ लेखकाच्या खात्यात जातो, आणि अनुवाद अप्रतिम असेल तर अनुवादकाला वेगळं श्रेय मिळत नाही. म्हणून कोणती आवृत्ती वाचली ते नीट निवडावं आणि अनुवादकाचं नाव मजकुरात लिहावं.

दुसरी अडचण प्रकाशनापूर्वीच्या ताऱ्यांची. गुडरीड्सवर पुस्तक बाजारात येण्याआधीच तारे देता येतात. आगाऊ प्रत वाचणाऱ्यांसाठी ही सोय चांगली, पण लेखकावर राग असलेल्यांची टोळीही तिचा वापर करून न वाचलेल्या पुस्तकावर एकेक ताऱ्याचा मारा करू शकते. नवोदित लेखकाच्या बाबतीत असे दहा-पंधरा तारेही पुस्तकाचं रूप बिघडवतात. अशा वेळी सविस्तर, वाचून लिहिलेलं एक परीक्षण वीस निनावी ताऱ्यांपेक्षा कामाचं ठरतं.

गुडरीड्सवरची आपली यादी सीएसव्ही फाईल (तक्त्यासारखी साधी फाईल) म्हणून उतरवून घेता येते आणि स्टोरीग्राफ ती स्वीकारतं. ठिकाण बदलायचं नसलं, तरी वर्षातून एकदा ती उतरवून ठेवावी.

सविस्तर लेख

हजार-दीड हजार शब्दांचा लेख नियतकालिकात असो वा स्वतःच्या जागी, बाकी चारही पर्यायांपेक्षा जास्त मेहनत मागतो. आणि आमच्या मते पुस्तकाचं खरं भलं तोच करतो, एका अटीवर: पुस्तक नुकतंच आलेलं आणि सगळ्यांच्या तोंडी असलेलं नसावं. त्या पुस्तकावर पन्नास लेख आधीच असतात. जुन्या, एकाच आवृत्तीत अडकलेल्या, समीक्षकांनी वगळलेल्या पुस्तकावरचा तुमचा लेख मात्र पुढची काही वर्षं शोधणाऱ्याला सापडणारा एकमेव मजकूर असू शकतो. अनेक देशांत दुकानदार न खपलेल्या प्रती प्रकाशकाकडे परत पाठवू शकतात, त्यामुळे नवं पुस्तक मांडणीवर फार काळ राहत नाही. त्यानंतर त्याला आधार असतो तो अशा मजकुराचा.

सुरुवातीलाच पूर्ण शीर्षक, लेखक, अनुवादक, चित्रकार, प्रकाशक, वर्ष, पृष्ठसंख्या आणि आयएसबीएन द्यावा. दुवे मरतात, दुकानं बंद होतात. आयएसबीएनवरून पाच वर्षांनीही नेमकी आवृत्ती मिळते. ही माहिती नुसत्या मुखपृष्ठाच्या चित्रात ठेवू नये. परभाषेतल्या लेखकाचं नाव देवनागरीत निरनिराळ्या प्रकारे लिहिलं जातं, म्हणून मूळ लिपीतलं नावही एकदा यावं.

लेख फसतो तो बहुधा कथानक सांगण्यात. दोन तृतीयांश लेख गोष्टीत जातो आणि उरलेल्या जागेत 'ओघवती शैली', 'अंतर्मुख करणारं पुस्तक' असे कोणत्याही पुस्तकाला चिकटणारे शब्द येतात. पहिल्या चतुर्थांशापलीकडचं कथानक सांगू नये, एवढं बंधन घालून घेतलं तरी लेख सुधारतो. शैली ओघवती आहे असं म्हणण्याऐवजी तीन-चार ओळींचा उतारा पृष्ठक्रमांकासह द्यावा आणि त्यात काय घडतंय ते दाखवावं. त्याच विषयावरच्या दुसऱ्या पुस्तकाशी एक तुलना असावी. हे पुस्तक कोणी घेऊ नये, तेही लिहावं.

उतारा किती द्यावा? 'इतके शब्द चालतात' असा सगळीकडे लागू होणारा आकडा कायद्यात नाही. चर्चेला लागेल तेवढाच घ्यावा. कवितेत विशेष जपावं. आठ ओळींच्या कवितेतल्या चार ओळी दिल्या, तर अर्धी कविता देऊन झाली.

छोटा व्हिडिओ

पोच प्रचंड, आयुष्य थोडं, आणि यशाचा अंदाज कोणालाच नाही. जुनं पुस्तकही त्यातून उसळी घेऊ शकतं: २०११ची 'द साँग ऑफ अकिलीज' ही कादंबरी टिकटॉकवरच्या वाचकांमुळे दहा वर्षांनी खपाच्या याद्यांत आली. पण ज्या पुस्तकाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो आणि ज्याने वाचक हसतो, रडतो किंवा घाबरतो, त्याचंच इथे फावतं. निबंध, इतिहास, कविता यांवर श्रम करण्याआधी विचार करावा.

पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव नुसतं बोलू नये, पडद्यावर आणि खालच्या मजकुरातही लिहावं. नाव ऐकू न आल्याने पुस्तक सापडलं नाही, असं फार होतं. पानामागून पान वाचून दाखवणं हे कौतुक नाही. ते परवानगीविना केलेलं ध्वनिपुस्तक होतं.

ग्रंथालयाकडे मागणी

सगळ्यात कमी वेळ लागणारा आणि सगळ्यात दुर्लक्षित पर्याय. शीर्षक, लेखक, प्रकाशक, आयएसबीएन आणि छापील की ई-पुस्तक, एवढं लिहून द्यायचं. प्रत आली की स्वतः घेऊन वाचायची, कारण वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेली पुस्तकं ग्रंथालयं काढून टाकतात.

ग्रंथालयाने प्रत घेतली, तर लेखकाच्या खात्यावर एका प्रतीचं मानधन जमा होतं. शिवाय तीसहून अधिक देशांत ग्रंथालयातल्या वापराबद्दल लेखकाला सरकारी निधीतून पैसे मिळतात. अशी योजना सर्वांत आधी, १९४६मध्ये, डेन्मार्कने आणली. ब्रिटनमध्ये १९७९ला कायदा झाला आणि १९८४पासून रक्कम मिळू लागली. काही देश घरी नेलेल्या पुस्तकांची मोजणी करतात, काही ग्रंथालयांतल्या प्रतींची. ई-पुस्तकांचं वेगळंच असतं. ग्रंथालयाला बऱ्याचदा ठरावीक मुदतीचा किंवा ठरावीक वेळा देण्याचा परवाना मिळतो, आणि तो संपला की पुन्हा विकत घ्यावा लागतो.

शिफारस केल्यावर पैसे कुठे जातात

'हे पुस्तक घ्या' म्हणताना कुठून घ्या, हेही सांगत असाल तर थोडा हिशोब माहीत हवा. जुन्या बाजारातल्या प्रतीतून लेखकाला साधारणतः काहीच मिळत नाही; पण आवृत्ती संपली असेल तर तिथेच पाठवावं लागतं. किंडल अनलिमिटेडमध्ये (अॅमेझॉनच्या वर्गणीवर ई-पुस्तकं वाचण्याच्या योजनेत) २०१५पासून वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात, त्यामुळे पुस्तक घेऊन न उघडल्यास लेखकाच्या वाट्याला शून्य. प्रकाशकाने आगाऊ मानधन दिलं असेल, तर ती रक्कम वसूल होईपर्यंत नव्या विक्रीची रॉयल्टी लेखकाच्या हाती येत नाही. तरीही विक्रीचा आकडा वाढतोच, आणि पुढच्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशक तोच बघतो.

दुव्यावरून खरेदी झाल्यावर तुम्हाला दलाली मिळत असेल, तर ती विक्रेता देतो. पण वाचकाला हे लेखाच्या सुरुवातीलाच कळलं पाहिजे, तळटीपेत चालत नाही. फुकट मिळालेल्या प्रतीबद्दलही तसंच.

आगाऊ प्रतींचा मोह सुरुवातीला आवरावा. नेटगॅली हे ठिकाण २००८पासून अशा प्रती वाचकांना देतं आणि घेतलेल्या पुस्तकांपैकी ८० टक्क्यांवर अभिप्राय असावा, अशी त्याची शिफारस आहे. पहिल्याच आठवड्यात दहा प्रती मागितल्या आणि दोनच वाचून झाल्या, तर प्रमाण २० टक्के होतं आणि प्रकाशक पुढची मागणी नाकारू लागतात. दोन घ्याव्यात, दोन्हींवर लिहावं, मग तिसरी. शिवाय ही प्रत अंतिम नसते. मुद्रितशोधन बाकी असतं, कधी एखादं प्रकरणही बदलतं, म्हणून उतारा द्यायचा असेल तर छापील पुस्तकाशी ताडून घ्यावा आणि प्रकाशकाने परीक्षणासाठी तारीख दिली असेल तर तिच्याआधी काही टाकू नये.