नागपूरकराचं समुद्रातलं रील : पेन स्पिनफिशर सहा, ५५००

गळाची दोरी गुंडाळायचं हे पेन कंपनीचं रील घरी आलं त्या संध्याकाळी शेजारच्या मित्रानं डबा उचलून पाहिला, किंमत विचारली आणि म्हणाला, "अबे, १५ हजाराची चक्री कायले आणली? अंबाझरी तलावात शार्क निघाला का?"

त्याचंही बरोबरच आहे. आमच्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर. पण माझी सासुरवाडी मालवणची. वर्षातून दोनदा नागपूर-मडगाव गाडीनं कुडाळला उतरतो आणि आठ-आठ दिवस खडकावर उभा राहून गरवतो. म्हणजे सगळे मिळून वर्षाचे पंधरा-सोळा दिवस. मालवणातल्या माणसाचं रील बिघडलं तर तो उद्या दुसरं घेऊन येतो. माझं बिघडलं की सहा महिने गेले. म्हणून मला रील भारी नको, भरवशाचं हवं.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. पहिलं रील इथल्याच एका दुकानातून घेतलं होतं, २,२०० रुपयांत. कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही, दर वर्षी स्टिकर बदलून तोच माल येतो. दुकानदार डब्यावर बोट ठेवून म्हणाला, "तेरा बेअरिंग हाय भाऊ, समुद्रातबी चालते." पहिले दोन दिवस चाललंही. तिसऱ्या दिवशी दोरी आत येताना किरकिर सुरू झाली, चौथ्या दिवशी बऱ्यापैकी मासा लागला आणि ड्रॅग, म्हणजे मासा जोरानं ओढू लागला की दोरी सोडणारा ब्रेक, सुटेचना. सुटला तो एकदम झटक्यानं, आणि दोरी तुटली. मेव्हणा शेजारीच होता. तो पाण्याच्या बाटलीला तंगूस (नायलॉनची दोरी) गुंडाळून गरवतो आणि माझ्या दुप्पट मासे काढतो. म्हणाला, "भावोजी, यंत्र झोपला काय तुमचा?"

नागपूरला आल्यावर ते रील पेपरवर उघडून बसलो. आत सगळं ठीक होतं, तेराच्या तेरा बेअरिंगांपैकी बहुतेक तर चकाचक. मेलं होतं ते बाहेरचं, बेलच्या, म्हणजे दोरी धरणाऱ्या तारेच्या कडीच्या, टोकाला असलेलं चण्याएवढं रोलर, ज्यावरून दोरी वळून आत जाते. त्याच्या आतलं बेअरिंग मिठानं आणि गंजानं एकजीव झालेलं. ते फिरेना म्हणून ब्रेडेड, म्हणजे विणलेली, दोरी एकाच जागी घासत राहिली होती आणि तिनं रोलरला खाच पाडली होती. नखानं लागेल अशी खाच. ज्या ठिकाणी खारं पाणी थेट लागतं, ओल्या दोरीतून दिवसभर निथळतं, तिथंच सगळ्यात हलका माल घातलेला. ड्रॅगच्या चकत्या जाड नमद्याच्या होत्या, भिजून फुगलेल्या.

तेव्हापासून बेअरिंगचा आकडा मी वाचणं सोडलं. या स्पिनफिशरमध्ये पाचच आहेत, अधिक उलटं फिरू न देणारं एक. पण ती पाच स्टेनलेसची आणि सीलबंद. अंग पूर्ण धातूचं, ड्रॅगला कार्बन फायबरच्या चकत्या, ज्यांना कंपनी एचटी-१०० म्हणते. अंग आणि स्पूल (जिच्यावर दोरी बसते ती फिरकी) दोन्हींना आयपीएक्स-५ सील आहे.

या आयपीएक्सवर लोक फसतात. पाच म्हणजे नळीच्या धारेसारखं पाणी सगळीकडून आलं तरी आत जाणार नाही. लाटेचा फवारा, पाऊस, चालेल. पाण्यात बुडवलं तर चालेल असा त्याचा अर्थ नाही, त्यासाठी सात लागतो. याच कंपनीच्या स्लॅमर नावाच्या रीलमध्ये सहा आहे, म्हणजे जोराची धारही चालेल, पण किंमत बरीच वर जाते. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून गरवणाऱ्यांनी तो विचार करावा. मी खडकावरचा माणूस, मला पाच पुरतो.

वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास. सकाळभर फेकून झालं की मनगट बोलायला लागतं. दहा फुटी दांडीला ते तोलून धरतं, हलक्या दांडीला लावलं तर हातात उखळ धरल्यासारखं होईल. घेण्याआधी दाइवाचं बीजीही हातात घेऊन पाहा, तेही धातूचंच आहे. शिमानोचं नाव आमच्याकडे सायकलच्या गिअरमुळे सगळ्यांना ठाऊक, पण त्यांच्याही स्वस्त आणि समुद्री रीलांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नुसतं नाव पाहून घेऊ नका.

या जातीच्या रीलची मूळ कल्पना कापड गिरणीतून आली, हे मला फार उशिरा कळलं. ब्रॅडफर्डच्या इलिंगवर्थ नावाच्या लोकरवाल्यानं १९०५ साली पेटंट घेतलं. कांडी जागेवर स्थिर आणि सूत तिच्या टोकावरून सुटत जातं, तीच युक्ती त्यानं गळाला लावली. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, १८७७ साली टाटांनी सुरू केलेली ती. आता तिथं मॉल आहे. आजोबांना हे रील दाखवलं असतं तर त्यांनी एका नजरेत ओळखलं असतं की सूत टोकावरून सुटतं म्हणजे पीळ पडणार.

पडतोच. आणि सगळ्यात जास्त पडतो तो आपल्या उतावळेपणानं. मासा ओढतोय, ड्रॅग सुटतोय आणि आपण हँडल फिरवतोय. या रीलचं प्रमाण ५.६ ला १, हँडलच्या एका फेऱ्याला बेलचे ५.६ फेरे. म्हणजे दोरी बाहेर जात असताना मारलेला हँडलचा प्रत्येक फेरा दोरीला साडेपाच पीळ देतो आणि मासा इंचभर जवळ येत नाही. ड्रॅग वाजत असला की हात थांबवायचा. मला हे जमायला दोन खेपा लागल्या.

ड्रॅग किती ठेवायचा, तर दोरीच्या ताकदीचा चौथा हिस्सा. माझी ब्रेडेड ३० पौंडाची, म्हणजे साडेतीन किलोच्या आत. प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा दोरीला लावून ओढतो. गेल्या खेपेला गोबरा मासा लागला आणि लागल्या लागल्या खडकाच्या कपारीकडे निघाला. काट्यावर लावलेला ड्रॅग सुटला तो तुपासारखा, झटका नाही. मेव्हण्यानं मासा वर घेतला आणि रीलबद्दल एक अक्षर बोलला नाही. मी ती पावती समजलो.

आणखी एक सोय : स्पूलला रबरी पट्टा आहे, त्यामुळे ब्रेडेड थेट बांधली तरी जागेवर गरगर फिरत नाही. नाहीतर खाली थोडं तंगूस भरावं लागतं. भरताना काठाच्या दोन मिलिमीटर खाली थांबा. आणि बेल हातानं बंद करा, हँडल फिरवून नाही. निम्म्या गाठी तिथंच वाचतात.

रोज संध्याकाळी सासऱ्यांच्या विहिरीचं पाणी तांब्यानं हळू ओततो, ड्रॅग घट्ट करून. धारेचा पाइप लावत नाही, सील असलं तरी. नागपूरला आल्यावर रोलरला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आणि ड्रॅग पूर्ण सैल. मग फडक्यात गुंडाळून कपाटात. गाडीच्या डिक्कीत तर मुळीच नाही. आमच्या मे महिन्यात तिथं ग्रीससुद्धा पातळ होऊन वाहतं.